अनवाणी आलेल्यांची हजेरी

भडगाव तालुक्यात गिरणेकाठच्या एका गावी मी अकरा वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. त्या गावच्या महादेव मंदिराचा नुकताच जीर्णोद्धार झाला आणि त्यानिमित्त एक स्मरणिका निघते आहे. तिचं काम माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला.

"गुरुजी, तुमची वही सापडली."

जुन्या सभामंडपातलं लाकडी कपाट काढताना ती मागच्या फळीला चिकटलेली मिळाली होती. त्याने मोबाईलवर एका पानाचा फोटो पाठवला. धुळ्यात देवपूरला मुलाच्या घरी गॅलरीत बसून मी तो मोठा करून पाहिला. निळ्या शाईतलं माझंच अक्षर. तीन रकाने: तिथी, दुपारची पोथी, सायंकाळचं भजन. खाली माझी लपेटेदार सही. त्या वयात मला त्या सहीचा अभिमान होता.

फोटोखाली त्याने स्मरणिकेतला मजकूरही पाठवला होता. मंदिराचा इतिहास सांगताना एक वाक्य होतं: 'श्रोत्यांची उपस्थिती अत्यल्प असल्याने दुपारचे पोथीवाचन बंद करण्यात आले.' आणि कंसात, 'आधार: गुरुजींची हजेरी वही.'

त्या वहीतला एकही आकडा मी अंदाजाने लिहिलेला नाही. रोज जाऊन, मोजून लिहिला आहे. तरीही ती वही खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे मी शेवटची सही केली त्या दिवशी मला माहीत होतं. चोवीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. स्मरणिकेत आता पाव पानाची दुरुस्ती छापणार आहेत. पाव पानात हे मावत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

पोथी वाचणाऱ्या बाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही म्हणायचो. मी गावात आलो तेव्हा त्या पन्नाशीच्या असतील. लवकर विधवा झालेल्या, कपाळ मोकळं, अंगावर फिकट नऊवारी. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. सासऱ्यांनी त्यांना पोथीवरच अक्षरओळख करून दिली होती, त्यामुळे पोथीचं मोठं, जाड अक्षर त्या सरसर वाचत आणि वर्तमानपत्र हातात दिलं तर अडखळत. "हाई बारीक पोरं शेतस," असं त्या छापील बातमीकडे पाहून अहिराणीत म्हणायच्या, "आमना पोथीना बठ्ठा मानसं मोठ्ठा." आषाढात पोथी उघडायची तिची कार्तिकात समाप्ती व्हायची. रोज दुपारी दोन ते चार. लाल फडक्यात बांधलेली ती पोथी मंदिराची होती, कपाटातच राहायची. कुलपाची किल्ली अक्कांच्या कमरेला असे.

शाळा मंदिराला लागूनच होती. मोठ्या सुट्टीनंतरचा पहिला तास मी बहुतेक पाढ्यांचा ठेवायचो, कारण त्या वेळी भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज सुरू व्हायचा आणि पोरांना दुसरं काही शिकवून उपयोग नसायचा. आवाज गोड नव्हता. कापसाच्या शेतात दुसऱ्या टोकाच्या बाईला हाक मारावी तसा मोकळा, लांब जाणारा होता. एक ओवी झाली की त्या थांबायच्या आणि घरच्या बोलीत अर्थ सांगायच्या. देवादिकांची भांडणंही गावातल्या भाऊबंदकीसारखी सांगायच्या, मग आतून बायकांचं हसू यायचं. ते हसू मला आजही ऐकू येतं. दहा बायकांचं हसू तेवढं मोठं नसतं, हे माझ्यासारख्या वर्ग सांभाळणाऱ्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं.

वहीच्या त्या वर्षी मंदिराला नवा स्पीकर आणि इन्व्हर्टर मिळाला. मग काही मंडळींनी विषय काढला, की पोथी संध्याकाळी भजनाआधी घ्यावी, माईकवर घ्यावी, आणि शेजारच्या गावचा एक शिकलेला वाचक आणावा. पंचांमध्ये दोन तट पडले. पंचांचे प्रमुख नाना हे न्यायाने वागणारे गृहस्थ होते. केळीचा मोठा बाग, पण बोलण्यात कधी तोरा नाही. त्यांनी मला मंडपात बोलावलं.

"दुपारले कोन येस तठे?" स्पीकरवाल्यांपैकी एकजण म्हणत होता. "खांबा आनि चिमन्या."

"मंग मोजी लेवूत," नाना म्हणाले. "गुरुजी, बाकीना शाळामा तपासनीले मरेल पोऱ्या बी हजर ऱ्हातस. तुम्हना पटवर जित्ता पोऱ्या बी गैरहजर दिखस. हाई काम तुम्हनंच शे. आखा श्रावण मोजा. दुपार बी, संध्याकाळ बी. खांबा सोडी द्या, बाकी बठ्ठं मोजा."

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून फुललो. हजेरी हा माझा धर्म होता. पट फुगवायला सांगणाऱ्या एका साहेबाशी मी भांडलो होतो, आणि त्याची शिक्षा म्हणून पहूरची चांगली शाळा सोडून इकडे आलो होतो. मी मोजलेलं चुकत नाही, हे गावाने मान्य केलं याचा मला फार आनंद झाला.

संध्याकाळची मोजणी सोपी होती. मी स्वतः भजनाला बसायचो. पहिल्या अभंगानंतर एकदा आणि आरतीआधी एकदा, अशी डोकी मोजायचो. जास्त असेल तो आकडा लिहायचो. तीसच्या आसपास भरायचा. त्या काळी संध्याकाळी वीज जायची आणि मंदिरात इन्व्हर्टरचा पंखा चालायचा, म्हणून टेकून बसायला येणारे बरेच होते. खांबाला टेकून झोपलेले दोघं तर रोजचेच. मी त्यांना मोजलं. डोकं हजर असलं की हजर, असा माझा शाळेतला नियम होता.

दुपारी अडचण होती. आत सगळ्या बायका. मंडपाला कमरेइतकी भिंत आणि वर जाळी, आत अंधार. मास्तरने दारात उभं राहून बायकांची डोकी मोजावीत हे बरं दिसलं नसतं. मग मी एक युक्ती काढली आणि तिच्यावर खूष झालो. पोथी सुरू झाली की पोरांना पाढे लावून मंदिराच्या पायरीशी जायचं, काढून ठेवलेल्या चपलांचे जोड मोजायचे, आकडा लिहायचा, परत वर्गात. चपला खोटं बोलत नाहीत, असं मी नानांना सांगितलं. नानांना ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

नऊ जोड. अकरा जोड. एकदा सात. एका सोमवारी चौदा, तेव्हा मला अक्कांसाठी बरं वाटलं होतं.

श्रावण असल्यामुळे पायऱ्या ओल्या असायच्या, आणि त्यांवर चिखलाच्या पावलांचे ठसे. किती तरी ठसे. काही लहान, काही टाचेला भेगा पडलेल्यांचे, एखादा अंगठा वाकडा असलेला. मी धोतराचा सोगा धरून ते ठसे चुकवत पायरी चढायचो आणि चपला मोजायचो. हे लिहिताना आज मला स्वतःची लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात एवढंच यायचं, की मंदिराच्या पायऱ्या रोज कोण धुतं.

पोळ्याला तीन-चार दिवस राहिले होते. शाळा सुटून मी घरी आलो तेव्हा आमची मंडळी ओसरीवर एक पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बसली होती. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. मी चष्मा लावला, तिच्या बांगड्यांतली पिन काढून घेतली, तेल लावलं आणि काटा उकरू लागलो.

"चपला कुठे होत्या तुझ्या?"

"कोनाड्यामा शेतस."

"कोनाड्यात? आणि तू चिखलातून अनवाणी हिंडतेस?"

"पोथी उघडनी तवयपासून नही घालत मी."

"मला सांगितलं नाहीस."

"नेम काय सांगेल ऱ्हास का?"

माझा हात थांबला. ती रोज दुपारी पोथीला जाते हे मला माहीत होतं. शाळेत पाढे म्हणून घेताना ती भिंतीपलीकडे असते हे मला आवडायचंही. पण तिची चप्पल त्या पायरीवर नसते, हे महिनाभर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणखी कोण अनवाणी येतं?"

"बठ्ठ्याच."

"बठ्ठ्या म्हणजे किती?"

"म्हाताऱ्या दोन-चार सोडी द्या, माहेरले येल पोरी सोडी द्या. बाकी बठ्ठ्या." मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "माले मझारतून दिखे, तुम्ही चपला मोजतस ते." आतून, जाळीआडून, ती मला रोज पाहत होती.

तिने मग हळूहळू सांगितलं. अक्का नवरा गेल्यापासून पायात काही घालत नसत. त्यांची पोथी ऐकणाऱ्या बायकांनी केव्हातरी नेम धरला, की पोथी उघडी आहे तोवर आपणही पायात काही घालायचं नाही. पुरुषांना हे ठाऊक नव्हतं. बायका शेतातही अनवाणी असतात, ओट्यावरही अनवाणी असतात. कोणाच्या लक्षात येणार? आणि नेम बोलून दाखवला की तो हलका होतो, असं मानायच्या. म्हणजे मी महिनाभर चपला मोजून नेमक्या त्या बायका मोजत होतो ज्यांनी नेम घेतला नव्हता. ज्यांनी घेतला त्या माझ्या वहीत आल्याच नव्हत्या.

"आनि भायेरन्या?" ती म्हणाली.

"कोण बाहेरच्या?"

"अडचन ऱ्हास त्या. त्या मझार येतस का? त्या समोरना ओटावर बठतस. तेन्हाकरताच त अक्का इतला जोरबन वाचतस."

तो लांब जाणारा आवाज कोणासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. मंडपाबाहेर, रस्त्यापलीकडच्या एका घराच्या ओट्यावर, रोज चार-पाच बायका निवडायचं धान्य घेऊन बसलेल्या मी पाहिल्या होत्या. त्या निवडायला बसल्या आहेत असंच मी समजत होतो.

काटा निघाला. मी तो तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो बोटाने फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आते हाऊ मोजा. एकच शे."

मी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. महिनाभराचे आकडे पुसावेत? मग नानांना काय सांगावं? की गुरुजींनी अख्खा श्रावण मोजला आणि आपली बायकोही त्यांना दिसली नाही? मी स्वतःची समजूत घातली. पद्धत मधेच बदलली तर मोजणीला अर्थ राहत नाही. जो नियम पहिल्या दिवशी तोच शेवटच्या दिवशी. हे बोलणं तपासनीसासमोर शोभलं असतं. खरी गोष्ट एवढीच, की मला चूक कबूल करायची नव्हती. मी टोपण लावलं. उरलेले दिवस मी चपलाच मोजल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात बैठक झाली. सगळे पुरुष. अक्का तेवढ्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी कापूस पिंजून वाती वळत बसल्या होत्या. बैठक चालू असताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. मी उभा राहून आकडे वाचले. दुपारचे आणि संध्याकाळचे, ओळीने, सगळे दिवस. माझं वाचून झाल्यावर नानांनी एकदा उंबऱ्याकडे पाहिलं. त्यांनाही अक्कांचं वाईट वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"गुरुजी," ते म्हणाले, "चूक नही ना काही?"

त्यांनी विचारलं म्हणजे मला संधी दिली. ती जाणून दिली असं मी म्हणत नाही, पण दिली. मी म्हणालो, "एकाचाही फरक नाही, नाना."

वाती वळणारा अक्कांचा हात थांबला नाही. बैठक संपली तेव्हा अक्का उठल्या, कपाटातून पोथी काढली आणि दोन्ही हातांनी नानांकडे दिली. वर कुलपाची किल्ली ठेवली. "फडकं कालदिन धुयेल शे," एवढंच म्हणाल्या.

मी घरी आलो. आमची मंडळी कणीक मळत होती. तिने विचारलं, "कितल्या सांग्यात?"

"दहा-अकराच्या आसपास."

"मी त्यामा व्हती का?"

मी पाय धुवायला मोरीत गेलो. तिने परत विचारलं नाही. त्या दिवसानंतर हा विषय तिने चोवीस वर्षांत काढला नाही. तिचे पाय मात्र कार्तिकात समाप्ती होईपर्यंत अनवाणीच राहिले. पोथी संध्याकाळी गेली होती आणि त्या वेळी ती चुलीपुढे असायची. बहुतेक सगळ्याच असायच्या. ऐकायला मिळत नव्हती ती पोथी, तरी नेम पाळत होत्या. भाकऱ्या थापताना स्पीकरवरचा आवाज घरात यायचा, पण तव्याच्या आणि पोरांच्या गलबल्यात त्याचे तुकडेच कानावर पडायचे. शिवाय तो वाचक फार वेगात वाचायचा आणि अर्थ सांगायचा नाही.

अक्का पहिल्या दिवशी संध्याकाळी गेल्या, मागे बसल्या, मधेच उठून आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन वाजले की आपल्या ओट्यावर येऊन बसायच्या. हात मांडीवर. समोर काही नाही. पोथी त्यांच्या घरी नव्हतीच, ती मंदिराची होती. शाळा सुटल्यावर माझा रस्ता त्यांच्या ओट्यावरून होता. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"गुरुजी, काल पोथी कोठेपावत उनी?"

आदल्या संध्याकाळी मी बसलो होतो, म्हणून सांगू शकलो. अमक्या राजाची गोष्ट संपली, राणी वनात निघाली. अक्कांनी मान डोलावली आणि पुढचा भाग पाठ म्हणाव्या तसा सांगितला, अर्थासकट. राणीला वाटेत कोण भेटलं, ती काय म्हणाली, आणि ती म्हणाली ते कोणत्या सुनेने कोणत्या सासूला म्हणायला हवं होतं. मी हसलो. त्या हसल्या. मग रोजचंच झालं. कार्तिकापर्यंत रोज पाच वाजता मी त्यांना पोथी कुठवर आली ते सांगायचो आणि त्या मला पुढचं सांगायच्या. त्यांचा माझ्यावर जराही राग नव्हता. एकदा तर म्हणाल्या, "तुम्ही खरं मोजं, गुरुजी. मालेच वाटे, मझार बठ्ठ्या शेतस म्हनीसन. अंधारामा काय दिखस."

बायका होत्या. सगळ्या होत्या. अक्कांना त्या दिसत होत्या, आणि माझ्या आकड्यामुळे अक्का आपल्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवत होत्या. मी त्या ओट्यावर उभा होतो, दोन शब्दांचं काम होतं. 'अक्का, होत्या.' मी म्हणालो, "उद्या येतो," आणि निघालो.

दोन वर्षांनी माझी बदली शिंदखेडा तालुक्यात झाली. नरडाण्याजवळच माझं मूळ घर, म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. अक्का गेल्याचं मला उशिरा कळलं, तेही एका लग्नात जेवताना, शेजारच्या पंगतीतल्या माणसाच्या तोंडून. संध्याकाळची पोथीही फार चालली नाही. घरोघर वीज टिकू लागली, टीव्ही आले, टेकायला येणारे घरीच टेकू लागले. वाचक यायचा थांबला. आता तिथे पेनड्राईव्हवर भजनं लागतात.

तर तो फोन. मी विद्यार्थ्याला म्हणालो, "ते वाक्य काढून टाक."

"का, गुरुजी? लेखी पुरावा आहे. तोही तुमचा." मग तो जरा घुटमळला. "खरं सांगू का, त्या वाक्याचं काम पडलंय आम्हाला. अक्कांची सून आणि दहा-पंधरा बायका मागे लागल्यात, नव्या मंडपात दुपारचे दोन तास पोथीला द्या म्हणून. कमिटीतले म्हणतात, मागे मोजून बंद केलेलं आहे, कोणी येत नव्हतं. आता तुमची वहीच सापडल्यावर विषय संपला."

म्हणजे माझी वही चोवीस वर्षांनी दुसऱ्यांदा तेच काम करायला निघाली होती.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. आमची मंडळी मेथी निवडत होती. तिचे गुडघे गेलेत, साखर आहे, डॉक्टरांनी घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितली आहे. मी म्हणालो, "त्या काटा मोडला त्या दिवशी पोथीला कोण कोण होतं, आठवतं का तुला?"

तिने भाजीवरून हात काढला. इतक्या वर्षांनी मी काय विचारतोय असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "कागद ल्या."

तिने नावांनी सुरुवात केलीच नाही. खांबांनी केली. पहिल्या खांबाला कोण टेकायचं, तिच्या मांडीला मांडी लावून कोण बसायचं, जाळीपाशी उजेडात सुपारी कातरणारी कोण, कोणाची सासू आली की सून कोणत्या कोपऱ्यात सरकायची, तान्ह्या लेकराला घेऊन दाराशी कोण बसायची म्हणजे ते रडलं तर उठता यावं. डोळे मिटून ती मंडपभर फिरत होती आणि मी लिहीत होतो. मधे एका ठिकाणी अडली, एक जागा रिकामी राहत होती. बोटं मोडत बसली, आणि एकदम म्हणाली, "हां, तठे ती ऱ्हाये, जी हसनी का बठ्ठ्या हसेत." आतल्या सव्वीस झाल्या. ओट्यावरच्या पाच. वहीत त्या दिवशी मी नऊ लिहिले होते.

"एकतीस," मी म्हणालो.

"आनि अक्का?" ती म्हणाली. "वाचनारी मोजतस नही का?"

चपलांचं सोडाच, वाचणारीला मोजायचं माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. बत्तीस लिहिले.

आम्ही दोघं भडगावला गेलो, तिथून विद्यार्थ्याच्या गाडीने गावात. कमिटीची बैठक नव्या मंडपात होती. या वेळी बायका होत्या, मागे का होईना. अक्कांची सून त्यांच्यात होती, आता तिचेही केस पांढरे. मी वहीचं पान आणि आमचा कागद दोन्ही वाचून दाखवले आणि कोणत्या दिवसापासून मला खरं माहीत होतं तेही सांगितलं. काटा, पिन, सगळं. नाना आता नाहीत. त्यांनी विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर मी जसंच्या तसं सांगितलं. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. एक तरुण सदस्य म्हणाला, "गुरुजी, तेव्हाचं ठीक आहे. पण आता किती येतील, याचा काय भरवसा? या श्रावणात पुन्हा मोजू."

"मोजा," मी म्हणालो. "पण मी नाही मोजणार. आणि बाहेरून मोजायचं नाही."

शेवटी ठरलं, की श्रावणात दुपारचे दोन तास द्यायचे आणि पहिल्या दिवशी आमच्या मंडळींनी आत बसून मोजायचं. आम्ही तोवर अक्कांच्याच घरी राहिलो. सून मंदिरातली पोथी आणून रोज थोडी उजळणी करायची. आवाज सासूसारखा नाही, पण अर्थ सांगताना ती मधेच थांबते ते अगदी तसंच.

पहिल्या दिवशी दोन वाजता मी नव्या मंदिरासमोर, रस्त्यापलीकडच्या त्याच ओट्यावर बसलो. मंदिराला आता चपलांसाठी लोखंडी मांडणी आहे, खणांना रंगाने नंबर घातलेले. सवय जात नाही. मी मोजले, बारा जोड. माझ्या शेजारी दोन बायका येऊन बसल्या, एकीच्या मांडीवर ताट, ताटात मूग. त्यांनी मला नमस्कार केला आणि कान मंदिराकडे लावले. आतून आवाज आला, तो आमच्यापर्यंत नीट पोचला. नंतर हसूही आलं.

चार वाजता आमची मंडळी कठड्याला धरून पायऱ्या उतरली. मी तिची चप्पल मांडणीतून काढून तिच्या पायाशी ठेवली.

"कितल्या?" मी विचारलं. या वेळी मी तिच्या बोलीत विचारलं.

"एकोनीस. ओटावरन्या दोन धरीसन."

"वाचणारी धरली?"

"तिले बी धरं." माझ्या खांद्याचा आधार घेऊन तिने चपलेत पाय सरकवला. "पन पैल्हे मी मालेच मोजं."